कपाटाचं वजन

कोणत्याही आकड्याचा पाचवा भाग काढता येतो. अडचण एवढीच, की आधी तो आकडा लागतो. घोड्यांच्या बाबतीत तो आकडा सहसा कोणाकडेच नसतो, हे मला पन्नासाव्या वर्षी समजलं. ते समजता समजता आमच्या इमारतीची एक तातडीची सभा, एका घोडेवाल्या बाईंचा प्लास्टरमधला पाय, माझ्या नवऱ्याचं नाक आणि ट्रकांचा एक अख्खा वजनकाटा कामाला लागला. या सगळ्यांची मी ऋणी आहे. हे वाक्य लोक शेवटी लिहितात. मी आधीच लिहून ठेवते, कारण मधे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून तसं अजिबात वाटणार नाही.

सुरुवात वाढदिवसापासून झाली. नवऱ्यानं विचारलं, "काय हवंय तुला?" प्रश्न केवळ रीतीचा होता, त्यानं घड्याळ आधीच घेऊन कपड्यांखाली लपवलं होतं आणि ते मी आधीच पाहिलं होतं. तरी मी खरं उत्तर दिलं.

"मला घोड्यावर बसायचंय."

तो गोंधळून म्हणाला, "कुठल्या?"

त्याला हे आठवतही नसेल, पण या सगळ्या प्रकरणात कोणी विचारलेला सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न तोच होता. 'कशाला' असं विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. 'कुठल्या' म्हटल्यावर माझ्या हाताला काम मिळालं.

कशाला, ते एकदाच सांगते. आठ वर्षांची असताना आम्ही सगळी भावंडं समुद्रावर गेलो होतो. किनाऱ्यावर एकजण घोड्यावरून फेरी मारून आणायचा. एकेक भावंड बसलं, उतरलं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिला नको. जनावर लहान आहे." तो उद्धटपणे बोलला नाही. मग सगळ्यांच्या चपला माझ्याकडे सांभाळायला देण्यात आल्या. तेव्हापासून लोक कशात तरी चढायला निघाले, मग ती होडी असो, पाळणा असो की डोंगरावर नेणारी लटकती खुर्ची असो, त्यांच्या पिशव्या आपोआप माझ्या हातात येतात. मी उत्तम पिशव्या सांभाळते. आजवर एकही हरवलेली नाही.

म्हणून माझ्या अटी दोन होत्या. घोड्याला त्रास होता कामा नये, आणि 'हिला नको' असं म्हणायला कोणालाही जागा राहता कामा नये. पहिल्या अटीसाठी भलं मन पुरतं. दुसरीसाठी आकडा लागतो.

आकड्यांची मला सवय आहे. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांचे, दवाखान्यांचे, ट्रकांचे काटे. आमच्याकडे पोलादाची ठरावीक वजनं असतात. त्यांचं वजन आम्हाला पक्कं माहीत असतं. ती हातमोजे घालून काट्यावर ठेवायची आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. काटा चुकला तर काटा चुकला; पोलादाला कोणी दोष देत नाही. चौऱ्याण्णव किलो हा आकडा मी नोकरीत असंख्य वेळा मोठ्यानं उच्चारलाय, कारण तेव्हा तो पोलादाचा होता. माझाही आकडा तोच आहे. वरचे ग्रॅमही मला माहीत आहेत, कारण दवाखान्याचा एखादा काटा तपासून पास झाला की सहकारी जेवायला गेल्यावर मी त्यावर उभी राहते.

ग्रंथालयातून घोड्यांवरचं जाड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, की धडधाकट घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकं ओझं घ्यावं. ओझं म्हणजे स्वार, खोगीर, बूट, हेल्मेट सगळं धरून. मी सामानासकट एकशे दहाच्या आत बसत होते. म्हणजे घोडा साडेपाचशे किलोंचा हवा. पुस्तक मात्र 'साधारण' म्हणून पुढच्या प्रकरणाकडे निघून गेलं होतं. मला 'साधारण' या शब्दाचा राग नाही, फक्त तो किती साधारण ते सांगायला हवं.

मग जाती. शायर नावाच्या जातीचे घोडे इतके उंच, की चढायला शिडी लागावी, आणि शिडीलाही भारमर्यादा असते. पर्शेरॉन देखणे, पण चित्रातसुद्धा पानाबाहेर गेलेले. शर्यतीचे घोडे उंच खरे, पण पाय पेन्सिलीसारखे. हाफलिंगर आणि फ्योर्ड हे बुटके आणि दणकट. त्यांच्याबद्दल वाचताना मला उगीचच नात्यातल्या माणसांबद्दल वाचल्यासारखं वाटलं. उंचीचा आणि ताकदीचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नसतो, हे त्या पुस्तकानं मला शिकवलं. एक वाक्य तर इतकं आवडलं की चिठ्ठीवर उतरवून फ्रिजवर चिकटवलं: 'आखूड पाठ, रुंद कंबर आणि गुडघ्याखाली जाड हाड ही ओझं पेलण्याची लक्षणं होत.'

सासूबाईंनी ते वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "तोंडावर बोलायची हिंमत नसली की माणसं अशी भिंतीवर लिहितात." ते घोड्यांविषयी आहे हे पुस्तक उघडून दाखवावं लागलं. त्यांनी दोन पानं वाचली, मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, पण बसायचंच असेल तर घरात खुर्च्या काय कमी आहेत?"

इथवर गोष्ट घरातच होती. ती बाहेर नेली नवऱ्यानं. लिफ्टमध्ये वरचे काका भेटले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर त्यांना नियमांशिवाय दुसरा छंद उरलेला नाही. त्यांनी सहज विचारलं, "काय चाललंय?" नवरा म्हणाला, "काही नाही, ही घोडा बघतेय."

त्याच संध्याकाळी काका नियमावली घेऊन दारात.

"पाळीव प्राण्यांच्या कलमात कुत्रा आहे, मांजर आहे, पोपट आहे. घोडा नाही."

"काका, आम्ही घोडा घेत नाही आहोत."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

"मला फक्त बसायचंय. दुसऱ्याच्या घोड्यावर, दुसऱ्याच्या जागेत."

"आज बसाल. उद्या लळा लागेल. परवा तो पार्किंगमध्ये."

तातडीची सभा भरली. घोडा ठेवलाच तर त्याला पार्किंगचा आकार दुचाकीचा लावायचा की चारचाकीचा, यावर दोन गट पडले. 'पाय चार म्हणून चारचाकी' असं एका गटाचं म्हणणं होतं. 'बसतो एकच माणूस म्हणून दुचाकी' असं दुसऱ्याचं. तळमजल्यावरच्या आजींनी हळूच विचारलं, की लीद कुंड्यांसाठी मिळेल का. शेवटी इमारतीत घोडा ठेवू नये असा ठराव झाला. मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. काकांना त्याचं इतकं वाईट वाटलं, की सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवून सल्ला दिला.

"माझं ऐका. घोडा उंचच घ्या. त्याचं असं असतं, उंच माणसाला सडपातळ घोडा, आणि रुंद..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्या अर्ध्या वाक्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

समोरच्या वहिनींचा सल्ला वेगळा. "आधी दहा किलो कमी करा, मग घोडा शोधा. माझ्या बहिणीनं केलं. सकाळी नुसतं काकडीचं पाणी."

मी मनातल्या मनात गणित केलं. "मी दहा किलो कमी केलं तर घोडा पन्नास किलोनं लहान चालेल."

"मग तर छानच की!"

"पण वहिनी, मला लहान घोडा नकोय."

हे मी इतक्या जोरात म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. वहिनींनी दार लावून घेतलं. आवाज चढवल्याची भरपाई म्हणून मी त्यांची काकडी पुढे महिनाभर आणून दिली.

मग फोन. घोडेस्वारी शिकवणाऱ्या पहिल्या ठिकाणी विचारलं, "वजन?" मी सांगितलं. पलीकडे कोणीतरी श्वास घेतला. "आमची मर्यादा पंच्याहत्तर आहे हो." दुसरीकडे म्हणाले, "घोडे अजून तरुण आहेत." तिसरीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता. ती म्हणाली, "तुम्ही नक्की या! घरचे बसतील, तुम्ही फोटो काढा." मला राग आला नाही. मर्यादा सांगणाऱ्या माणसाबद्दल आमच्या व्यवसायात आदरच असतो. फक्त दर फोननंतर मी स्वयंपाकघरातलं एक फडताळ रिकामं करून पुसायचे. सासूबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "लवकर घोडा मिळव रे हिला. माझ्या हाताला एक डबा जागेवर सापडत नाही."

त्यानंच शोधलं. शहराबाहेर, सिमेंटच्या गोदामामागे, एका घोडेवाल्या बाईंचा तबेला होता. बाई साठीच्या, काटकुळ्या, आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाणारा. एक पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी. मी काळजीनं विचारलं, "घोड्यावरून पडलात?"

"छे! स्टुलावरून. बल्ब बदलत होते. घोड्यावरून पडायला काय झालंय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती?"

"चौऱ्याण्णव. सगळं धरून एकशे दहाच्या आत."

"मग कपाटावर बसाल," त्या म्हणाल्या.

मी तशीच मागे फिरणार होते. तोवर बाईंनी आत पाहून हाक मारली आणि अंधारातून कपाट बाहेर आलं.

ती एक तपकिरी घोडी होती. उंची इतकी बेताची, की मला तिच्या पाठीवरून पलीकडचं दिसत होतं. रुंदी मात्र अशी, की त्या पाठीवर चहाचा ट्रे ठेवून माणूस विसरून जाईल. पाठ आखूड. कंबर रुंद. गुडघ्याखालचं हाड असं, की मला फ्रिजवरची चिठ्ठी आठवली. कागदोपत्री तिचं नाव विद्युल्लता होतं. त्या नावानं हाक मारली की ती मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघायची, असं बाई म्हणाल्या.

"जात कोणती?"

"आई ओझी ओढायची. बाप कोण, ते आईनं सांगितलं नाही."

म्हणजे इतकं वाचून मी निवडलेल्या एकाही प्रकरणात ती बसत नव्हती. मीही दुकानातल्या कुठल्याच मापात बसत नाही, त्यामुळे हा दोष मी मनावर घेतला नाही.

"वजन किती हिचं?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"पाचशे असेल. सहाशे असेल. खाऊन आली की जास्त."

पाचशेचा पाचवा भाग शंभर. सहाशेचा एकशे वीस. मी एकशे दहाला टेकलेली. माझा सगळा प्रश्न बाईंच्या त्या दोन अंदाजांच्या बरोबर मधोमध उभा होता.

"अहो, ती उचलेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. "बसून बघा. जड झालं तर ती सांगेल."

"तिनं सांगावं असं मला नकोय," मी म्हटलं.

बाईंनी कुबडी दुसऱ्या काखेत घेतली. मग त्या बऱ्याच हळू आवाजात, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाल्या, "बरं. मग मोजा."

घोड्याच्या छातीचा घेर आणि अंगाची लांबी यांवरून वजन काढायचं एक सूत्र पुस्तकात होतं. मी शिवणाची टेप नेली. ती घेराला पुरली नाही. दोन टेपा जोडल्या. टेपचं दुसरं टोक धरायला नवरा पुढे आला आणि त्याच वेळी त्याला घोड्यांचं वावडं असल्याचं आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तो शिंकायचा, टेप सुटायची, कपाट टेपचं टोक चघळायची. तरी त्या दिवसापासून दर रविवारी तो नाकाला रुमाल लावून माझ्याबरोबर येत राहिला. मी तिला खरारा करायचे, तो कुंपणाबाहेर उभा राहून शिंकायचा. शेवटी टेपांवरून पाचशे सत्तर किलो असं उत्तर आलं, दहा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे पाचशे तेरा ते सहाशे सत्तावीस. म्हणजे पुन्हा मी मधोमध.

"आता हो काय?" बाईंनी विचारलं.

"खरा काटा हवा."

"तो काय शेजारी आहे," बाई म्हणाल्या. "सिमेंटचे ट्रक तोलतात ना."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा गाडीत नवरा होता, काका होते आणि सासूबाई होत्या. घोडा परत येताना गाडीमागे बांधून आणला जात नाही ना, हे बघायला काका सोसायटीतर्फे आले होते, नियमावलीसकट. सासूबाई घडीची खुर्ची आणि मोठी पिशवी घेऊन आल्या होत्या, कारण "तुमच्यात एक तरी शहाणं माणूस हवं."

तबेल्यात खोगीर घालून, कपाटाला घेऊन आम्ही शेजारी गेलो. खोगीर वजन करूनच ठेवलं होतं, आणि बूट-हेल्मेट घातलेली मीही. फेरी मारायची झालीच तर वेळ जाऊ नये, असं बाईंचं म्हणणं. काट्याच्या खोलीतून काटेवाल्यानं मला पाहिलं आणि त्याच्या हातातला कप तिरका झाला. त्याचा काटा आमच्याच प्रयोगशाळेनं नुकता तपासून दिला होता.

"मॅडम! रविवारी? परत तपासणी?"

"नाही हो. खाजगी काम आहे."

"हो हो, खाजगी," तो समजुतीनं म्हणाला आणि त्यानं शर्ट खोचला, केरसुणी काढून काट्याची लोखंडी पट्टी झाडायला घेतली, ओळीतले ट्रक मागे सारले. मग कपाटाकडे बघून दबक्या आवाजात विचारलं, "आता घोड्यानं तपासतात?"

मला फक्त हिचं वजन करायचंय, हे त्याला पटायला वेळ लागला. पटल्याबरोबर तो एकदम कडक झाला.

"घोड्याचं नाही करता येणार. गाडी नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही."

"बरोबर आहे," काका आनंदानं म्हणाले. "कलम म्हणजे कलम." त्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जशी लहानपणी ताटातूट झालेली भावंडं बघतात. थोडा वेळ त्यांनी नियम का असतात यावर बोलून घेतलं. मग काकांनीच तोडगा काढला, कारण नियम वाकवण्याचा आनंद तो पाळणाऱ्यालाच माहीत असतो. गाडी नंबर: कपाट-एक.

"माल?" काटेवाल्यानं विचारलं.

"काही नाही. रिकामी."

"रिकामी गाडी," तो पुटपुटला. "आणा पुढे."

कपाट पुढे आली नाही. तिनं एक खूर लोखंडावर टेकला, आतून पोकळ आवाज आला, आणि तिनं खूर मागे घेतला. बाईंनी लगाम ओढला. सासूबाईंनी पिशवीतून गाजर काढलं. तिनं मान लांब करून गाजर खाल्लं, पाय होते तिथेच. काका मागून ढकलायला गेले आणि शेपटीचा एक फटका खाऊन पुढे आले. मागे ट्रकवाले खाली उतरून हाताची घडी घालून उभे राहिले.

"ओढून नेलेलं आवडत नाही हिला," बाई म्हणाल्या. "पाठीवर माणूस असला की पुलावरून जाईल, पत्र्यावरून जाईल. रिकामी असली की डोक्यात विचार येतात."

म्हणजे मी बसावं की नाही हे ठरवायला वजन हवं. वजनासाठी तिनं काट्यावर जायला हवं. आणि काट्यावर जायला पाठीवर कोणीतरी बसायला हवं.

बाईंचा पाय प्लास्टरमध्ये. नवरा इतका शिंकत होता की त्याला घोडी कुठे आहे तेही दिसत नव्हतं. काका म्हणाले, "मी बसलो असतो, पण माझी पाठ..." ही पाठ सभेच्या दिवशी ठणठणीत होती.

सासूबाई खुर्चीतून कपाटाकडे बघत होत्या. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मी बसले असते. पण माझं नक्की वजन मला माहीत नाही. हिचा सगळा हिशोब चुकायचा."

कोणीच हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या आवारात, त्या सगळ्या ट्रकांत, पोत्यांत आणि माणसांत, जिचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू एकच होती. इतकी वर्षं हातमोजे घालून मी पोलाद उचलत आले. ठाऊक असलेलं वजन ठेवायचं, काट्यानं सांगितलेल्यातून ते वजा करायचं, उरेल ते अज्ञात. हे मी नव्या मुलांना शिकवते.

तरी पाय पुढे होईना. पाचशे तेरा असली तर? मी कपाटाजवळ गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, एक लांब उसासा सोडला आणि आपलं भलंमोठं डोकं माझ्या खांद्यावर ठेवून दिलं. ते भयंकर जड होतं. माझे गुडघे किंचित वाकले. मी तशीच उभी राहिले. तिनं काही विचारलं नव्हतं, हिशोब केला नव्हता. तिला टेकायचं होतं आणि मी तिथे होते.

"चार पावलं तर आहेत," बाई म्हणाल्या. "सिमेंटचं पोतं असतं तर विचारलं असतं का इतकं?"

काट्याच्या खोलीला चढायच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर उभं राहिलं की कपाटाची पाठ माझ्या कमरेला येत होती. सासूबाई उठल्या, त्यांनी सवयीनं पिशवी माझ्याकडे पुढे केली, मीही सवयीनं हात पुढे केला. मधेच नवऱ्यानं शिंकत शिंकत ती घेतली. मग माझी पर्स घेतली, चष्मा घेतला, छत्री घेतली. काकांनीही आपली नियमावली त्याच्याकडे दिली, का ते मला ठाऊक नाही.

मी एक पाय पलीकडे टाकला. खोगीर करकरलं. मी श्वास रोखून कपाटाच्या पाठीचा अंदाज घेत होते, वाकतेय का, थरथरतेय का. तिनं कान हलवले, आणि ज्या अर्थी पाठीवर माणूस आहे त्या अर्थी आता विचार करायची गरज नाही, अशा थाटात ती सरळ लोखंडावर चालत गेली. धडाम, धडाम, धडाम, आणि मधोमध उभी राहिली.

रस्त्याच्या बाजूला मोठा फलक होता. त्यावर लाल आकडे पळाले, थांबले. सातशे वीस.

"सातशे वीस!" काका ओरडले, जणू मला वाचता येत नव्हतं.

ट्रकवाले आकड्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत वजाबाकी चाललेली मला वरून स्पष्ट दिसत होती. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मॅडम, आता गाडी भरलेली आहे. माल काय लिहू?"

"मी," मी म्हटलं.

"आणि माल किती?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाला मी फडताळ पुसून उत्तर दिलं तो प्रश्न समोर होता, सिमेंटच्या धुळीत, अनोळखी माणसांच्या देखत. पण तो काट्यानं विचारला होता, आणि काट्याला आपण खरंच सांगतो.

"कपडे, बूट, हेल्मेट धरून शहाण्णव किलो चारशे ग्रॅम. खोगीर तेरा किलो दोनशे."

मग एका ट्रकवाल्यानं आदरानं विचारलं, "ग्रॅमसुद्धा?"

"ग्रॅमसुद्धा."

"आमचा मालक टनाचासुद्धा भरवसा देत नाही," तो शेजारच्याला म्हणाला.

सातशे वीसमधून एकशे नऊ किलो सहाशे वजा. सहाशे दहा. हा काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्यानं मोजतो, म्हणून सावधगिरीसाठी आणखी दहा वजा. सहाशे. पाचवा भाग एकशे वीस. मी हे सगळं मोठ्यानं केलं, घोडीवर बसून, लगाम धरून.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे चालतंय आई. दहा किलो शिल्लकसुद्धा आहेत."

"शिल्लक आहेत? मग माझी पिशवी घे की वर. हा बिचारा किती धरेल?"

"नाही आई," मी म्हटलं. "आज नाही."

बाईंनी कुबडीनं गोदामाच्या कडेच्या कच्च्या रस्त्याकडे खूण केली. कपाट काट्यावरून उतरली आणि चालू लागली, संथ, रुंद, घरातून बाहेर पडलेल्या खऱ्या कपाटासारखी. रस्त्यात एक झाड होतं, एक डबकं होतं, गोदामाची लांबच लांब भिंत होती. यापेक्षा जास्त काही नव्हतं. मला वरून सगळ्यांची डोकी दिसत होती. काकांना टक्कल पडतंय हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. ते बाजूनं चालत मला पाठ ताठ ठेवायला सांगत होते. सासूबाई खुर्ची घेऊन दर थोड्या अंतरावर पुढे जाऊन बसत होत्या, म्हणजे मी त्यांच्यासमोरून पुन्हा पुन्हा जाईन. समोरच्या वहिनींना दाखवायला नवऱ्यानं फोटो काढले. त्याला शिंका येत असल्यामुळे सगळ्यांत फक्त झाड आलंय.

त्या किनाऱ्यावरच्या घोडेवाल्याची मला तेव्हा आठवण झाली. त्याचेही आभार मानायला हवेत. जनावर खरंच लहान होतं.

परतीच्या वाटेवर कपाट आपणहून थोडी भरभर चालायला लागली, तबेल्यात खाणं होतं म्हणून. शेजारून नवरा धावतपळत येत होता. गळ्यात माझी पर्स, एका काखेत सासूबाईंची पिशवी, दुसऱ्या काखेत नियमावली, हातात छत्री, नाकावर माझा चष्मा, कारण तो ठेवायला दुसरी जागा उरली नव्हती. डोळे लाल झाले होते. त्यानं वर बघून धापा टाकत विचारलं, "तुझी पर्स देऊ का?"

"धर अजून थोडा वेळ," मी म्हटलं.

त्यानं धरली.